पाऊल टाकण्याआधीची वाट

६ फेब्रुवारी १९७१ रोजी चंद्रावर ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल एक चढ चढत होते. सोबत दोन चाकांची हातगाडी, तिच्यावर हत्यारं, कॅमेरे आणि दगडांच्या पिशव्या. अपोलो-१४ मोहिमेतली ही त्यांची दुसरी आणि शेवटची पायपीट. गाठायचा होता कोन नावाच्या विवराचा काठ. हे विवर जवळपास ३४० मीटर रुंद आहे. एवढा मोठा खड्डा नजरेतून सुटेल कसा, असं कुणालाही वाटेल. हातात कक्षेतून काढलेल्या छायाचित्रांवरून बनवलेला नकाशा होता, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून सल्ला मिळत होता. तरीही काठ सापडेना. एक उंचवटा पार करावा तर पुढे दुसरा उभा. नकाशातलं विवर म्हणजे समोरचं नेमकं कोणतं, हेच ठरत नव्हतं. दम लागत होता, हृदयाचे ठोके वाढत होते. अर्ध्या तासाची मुदत वाढवून मिळाली, तीही पुरली नाही. अखेर दोघं काठ न बघताच माघारी फिरले. पुढे २००९ पासून लूनर रिकनिसन्स ऑर्बिटर या यानाने त्या जागेची बारकाईने छायाचित्रं काढली, तेव्हा कळलं की ते काठापासून अवघ्या ३० मीटरांच्या आसपास पोचले होते.

शेपर्ड हा कसलेला वैमानिक होता आणि मिचेल एमआयटीचा डॉक्टरेट. दोघांनी भूशास्त्राचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांना दगा दिला तो चंद्राने. आपण राजगडाच्या वाटेवर असतो तेव्हा डोळ्यांना नकळत मोजपट्ट्या मिळत असतात: लांबचा डोंगर निळसर, धुरकट दिसतो, उतारावरचं झाड केवढं असतं ते ठाऊक असतं, खालच्या वाडीतलं घर दिसतं. चंद्रावर यातलं काहीच नाही. हवा नसल्यामुळे दूरचाही खडक जवळच्याइतकाच लख्ख दिसतो. झाड नाही, घर नाही. क्षितिज अडीच किलोमीटरांच्या आत संपतं. समोरचा दगड फुटबॉलएवढा आणि जवळ आहे की खोलीएवढा आणि लांब आहे, हे डोळा सांगू शकत नाही.

अंतराळ मोहिमेचं नियोजन म्हटलं की आपल्याला रॉकेट, कक्षा आणि इंधनाची गणितं आठवतात. ती गणितं अवघड आहेत, पण त्यांना पक्कं उत्तर असतं. परग्रहाच्या जमिनीवर कुठे जायचं, कोणत्या दगडापाशी थांबायचं, कुठून वळसा घालायचा, हे ठरवायला माणसाचा अंदाज लागतो, आणि अंदाज नजरेवर उभा असतो. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे एआर ही साधनं त्या नजरेला आधार देण्यासाठी आली. चष्म्यातून आपली खरी खोली दिसत राहते आणि तिच्यातच मंगळाची जमीन किंवा यानाचा एखादा भाग उमटतो. गेल्या दहा-बारा वर्षांत या साधनांचा जितका गाजावाजा झाला, त्या मानाने ती कुणाला, कशासाठी आणि किती सोयीची पडली याची चर्चा फार कमी झाली. मला ती चर्चा महत्त्वाची वाटते, कारण आपला देशही आता माणूस चंद्रावर पाठवायचं म्हणतो आहे.

रोव्हरचा दिवस कसा ठरतो

क्युरिऑसिटी हे नासाचं रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळाच्या गेल विवरात उतरलं. वजन सुमारे ९०० किलो, सहा चाकं, मोटारगाडीएवढा आकार. ते चालवणारी माणसं कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत बसतात. या संस्थेला सगळे जेपीएलच म्हणतात. पण चालवतात म्हणजे हातात दांडा धरून नव्हे. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोचायला ग्रहांच्या अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. समोर खड्डा दिसला म्हणून इथून ब्रेक दाबण्याची सोयच नाही.

म्हणून दिवसभराचं काम आदल्या दिवशीच लिहून पाठवावं लागतं. मंगळावर संध्याकाळ होताना रोव्हर आपली छायाचित्रं वर घिरट्या घालणाऱ्या उपग्रहांमार्फत पाठवतं. इकडे शास्त्रज्ञ ती पाहतात. एका गटाला समोरच्या खडकाचे थर मोजायचे असतात, दुसऱ्याला हवेतली धूळ. वीज किती उरली आहे, हातापायांचे सांधे गरम करायला किती लागेल, उपग्रह पुन्हा कधी डोक्यावर येणार, हे सगळं मांडून वाद होतात, काही कामं गळतात, काही उद्यावर जातात. मग रोव्हर चालवणारे अभियंते एकेक आज्ञा रचतात: इतकं पुढे, इतकं वळण, इथे थांबून फोटो. दुसऱ्या दिवशी मंगळावर सकाळ झाली की यादी वर जाते आणि रोव्हर एकट्याने ती पार पाडतं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे मोहिमेच्या सुरुवातीचे तीन महिने ही माणसं मंगळाच्या घड्याळावर जगली. रोज झोप ४० मिनिटांनी पुढे.

या साखळीत सर्वांत नाजूक कडी म्हणजे सपाट पडद्यावरच्या चित्रावरून खऱ्या जमिनीची कल्पना करणं. रोव्हर मान फिरवून चहूकडचे फोटो घेतं आणि ते जोडून लांबलचक पट्टीसारखं दृश्य तयार होतं. या पट्टीत सरळ रेषा वाकते, कडेला असलेले दोन खडक शेजारी-शेजारी वाटतात आणि उतार सपाट दिसतो. अनुभवी भूशास्त्रज्ञ मनातल्या मनात हे सगळं सरळ करून घेतात. डोंगरात हातोडा घेऊन वर्षानुवर्षं हिंडलेल्या माणसाला मात्र हे बांधल्यासारखं होतं. त्याची सवय खडकाभोवती फिरून, खाली वाकून, दहा पावलं मागे जाऊन पाहण्याची असते.

ही अडचण पहिल्यापासून ओळखलेली होती. १९९७ मध्ये पाथफाइंडर यानाबरोबर साडेदहा किलोचं सोजर्नर रोव्हर मंगळावर गेलं. ते चालवणारे ब्रायन कूपर डोळ्यांवर त्रिमितीचा चष्मा चढवून बसत. यानाच्या दोन भिंगांनी टिपलेल्या डाव्या-उजव्या चित्रांतून उठावाचं दृश्य तयार होई, आणि कूपर त्यात रोव्हरची छोटी आकृती ठेवून वाट आखत. म्हणजे आज ज्याला आपण नवलाईचं तंत्र समजतो, त्याचं मूळ पंचवीस-सव्वीस वर्षांहून जुनं आहे. त्यातली एक मर्यादाही तेव्हाच दिसली: रोव्हर यानापासून जितकं दूर जाई तितका अंदाज कच्चा होई. दोन डोळ्यांच्या गणितात अंतर दुप्पट झालं की चूक साधारण चौपट होते. क्युरिऑसिटीच्या नॅव्हिगेशन कॅमेऱ्यांच्या जोडीत ४२ सेंटिमीटरांचं अंतर आहे. माणसाच्या डोळ्यांतल्या अंतराच्या ते सहापटीहून जास्त, तरीही लांबचा डोंगर तिलाही नीट मोजता येत नाही.

मंगळावर चालून पाहणं

जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स हा चष्मा जगापुढे आणला, त्याच दिवशी जेपीएलने ‘ऑनसाइट’ हे साधन जाहीर केलं. जेफ नॉरिस यांच्या पुढाकाराने जेपीएलमध्ये उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेने मायक्रोसॉफ्टबरोबर ते घडवलं होतं. क्युरिऑसिटीने टिपलेले फोटो आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने वरून घेतलेली चित्रं एकत्र करून जमिनीचा त्रिमिती आराखडा तयार होई आणि चष्मा घातला की तो खऱ्या आकारात खोलीभर पसरे. शास्त्रज्ञ पायांनी चालत खडकापाशी जात, गुडघ्यावर बसून थर पाहत.

ऐकायला हे थरारक आहे. पण ऑनसाइटमधल्या ज्या गोष्टीचं मला खरं कौतुक वाटतं ती अगदी साधी आहे. या साधनाने टेबलावरचा संगणक झाकला नाही. चारी बाजूंनी मंगळ, आणि मध्ये आपलं टेबल, पडदा, कळफलक जसाच्या तसा दिसणारा. शास्त्रज्ञ खुर्चीत बसून नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत राही आणि माउसचा बाण पडद्याच्या कडेबाहेर ओढला की तो सरळ मंगळाच्या जमिनीवर उतरे. तिथल्या खडकावर क्लिक केलं की लक्ष्य ठरलं. हातवारे शिकायची गरज नाही, नवीन यंत्रासाठी जुनी कामाची रीत मोडायची गरज नाही. वीस वर्षं माउस हातात धरलेल्या माणसाला माउसच दिला. सोयीचं साधन म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. दहा शहरांत बसलेले शास्त्रज्ञ एकच फोटो पाहत फोनवर म्हणतात, तो करडा दगड. कोणता करडा? मंगळावर करडे दगड शेकड्यांनी आहेत. म्हणून क्युरिऑसिटीची मंडळी नकाशाचे चौकोन पाडून त्यांना पृथ्वीवरच्या गावा-प्रदेशांची नावं देतात आणि त्यातल्या दगडांनाही त्याच भागातली नावं ठेवतात. ऑनसाइटमध्ये सहकारी एकाच आराखड्यात आकृतीरूपाने उभे राहत आणि कोण कुठे पाहतो आहे हे नजरेच्या रेषेने कळत असे. बोट दाखवण्याची मुभा परत मिळाली. वाद लवकर मिटतो तो अशा सोयीने. मोहिमेतल्या संशोधक ॲबिगेल फ्रेमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी रोव्हर जाण्याआधी त्या वाटेवर आभासी चालून पाहण्यासाठी ते वापरलं, जमीन किती सुरक्षित आणि किती अवघड आहे हे आधीच कळावं म्हणून. जेपीएलने केलेल्या तुलनेत अंतर आणि दिशा ओळखण्यात सपाट पडद्यापेक्षा ऑनसाइट सरस ठरलं, आणि २०१८ साठी नासाचा वर्षातल्या सर्वोत्कृष्ट सॉफ्टवेअरचा पुरस्कार त्याला मिळाला.

आता याची दुसरी बाजू. असा आराखडा ठिगळांचा असतो. नॅव्हिगेशन कॅमेऱ्याची चित्रं कृष्णधवल, मास्ट कॅमेऱ्याची रंगीत आणि बारकाईची, तर कक्षेतून घेतलेल्या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे पंचवीस-तीस सेंटिमीटर. मोठ्या खडकामागे काय आहे हे तर रोव्हरने पाहिलेलंच नसतं. मग ते भोक तसंच ठेवायचं की गुळगुळीत भरून टाकायचं? खेळ बनवणारा कलाकार भरून टाकेल, दृश्य सुंदर दिसावं म्हणून. मोहिमेसाठी मात्र भोक दिसलंच पाहिजे, ठिगळाची शिवण दिसली पाहिजे. वाट आखणाऱ्याला कळायला हवं की इथवर आपण पाहिलं आहे आणि इथून पुढे संगणकाने अंदाज बांधला आहे. सौंदर्य आणि प्रामाणिकपणा यांत निवड करायची वेळ आली तर रचनाकाराने प्रामाणिकपणाच निवडला पाहिजे, यात मला तडजोड दिसत नाही.

स्पिरिट रोव्हरची गोष्ट यासाठी आठवायला हवी. मे २००९ मध्ये ते मंगळावर एका जागी रुतलं. वरचा पापुद्रा टणक दिसत होता, चाकाखाली तो फुटला आणि खाली भुसभुशीत वाळू निघाली. एक चाक २००६ पासूनच निकामी होतं. महिनोन् महिने प्रयत्न झाले, जेपीएलमध्ये तशीच माती पसरवून रोव्हरच्या जुळ्या भावंडावर प्रयोग केले गेले, पण ते सुटलं नाही. २२ मार्च २०१० नंतर त्याचा आवाज आला नाही. एआर असतं तर हे टळलं असतं, असा दावा कुणी केला तर तो खोटा समजावा. आराखडा जमिनीचा आकार दाखवतो, तिची ताकद नाही. २०१३ मध्ये क्युरिऑसिटीच्या चाकांना भोकं पडू लागली ती जमिनीत घट्ट रुतलेल्या टोकदार दगडांमुळे. तो धोका लक्षात आल्यावर मात्र वाट आखताना असे दगड हुडकणं हे नजरेचंच काम झालं, आणि तिथे खऱ्या आकारातलं दृश्य कामी येतं.

लाल-निळा चष्मा

मार्च २०२० मध्ये करोनामुळे जेपीएल रिकामी झाली. एरवी वीस-एक माणसं एका दालनात बसून आज्ञा रचत. आता प्रत्येक जण आपल्या घरात. २० मार्चला क्युरिऑसिटीचं नियोजन पहिल्यांदाच सर्वांनी घरून केलं. संगणक, पडदे, कानाला लावायचे हेडसेट घरोघर पोचवले गेले. एक वस्तू मात्र नेता आली नाही. रोव्हर चालवणारे अभियंते जमिनीचा उठाव पाहायला खास चष्मे वापरत. डाव्या आणि उजव्या डोळ्याला झटपट आलटून-पालटून चित्र दाखवणारे. त्यांना लागणारे ताकदवान ग्राफिक्सचे संगणक घरी नव्हते.

मग अभियंत्यांनी जत्रेत मिळतो तसला लाल-निळा चष्मा काढला. डोळ्यांना कमी आरामदायक, पण साध्या लॅपटॉपवर चालणारा. दोन दिवसांनी घरून पाठवलेल्या आज्ञा मंगळावर पार पडल्या आणि क्युरिऑसिटीने एडिनबरा नावाच्या जागी खडकाला भोक पाडून नमुना घेतला.

महागडी एआर साधनं घडवणाऱ्या प्रत्येक गटाने ही घटना भिंतीवर लिहून ठेवावी इतकी ती मोलाची आहे. साधन बंद पडलं, नेता आलं नाही, चष्मा डोळ्यांना सोसेना, तर तेच काम खालच्या पायरीवर चालू राहिलं पाहिजे. ही पायरी आधीच बांधून ठेवणं हा रचनेचाच भाग आहे.

वजन नसलेल्या हातांनी

अंतराळ स्थानकावर प्रश्न वेगळा. तिथे नियोजन म्हणजे मिनिटांचा हिशोब. अंतराळवीराचा दिवस ह्यूस्टन आणि इतर केंद्रांतून तुकड्या-तुकड्यांनी आखलेला असतो आणि प्रत्येक कामाला लिखित कृती असते. बोल्ट सैल करायचा, मग लॅपटॉपकडे वळून पुढची ओळ वाचायची, मग परत बोल्ट. दोन्ही हात गुंतलेले, मान सतत वळती. युरोपीय अंतराळ संस्थेने २००९ मध्येच बेल्जियमचे अंतराळवीर फ्रँक द विन यांच्या डोक्यावर ‘वेअर’ नावाचं एआर साधन देऊन पाहिलं. २०१५ मध्ये डेन्मार्कचे आंद्रेआस मोगेनसन यांनी अंगावर बाळगता येणारं ‘मोबीपीव्ही’ वापरलं. नासाने होलोलेन्सवर ‘साइडकिक’ बसवलं. त्याची पहिली जोडी २८ जून २०१५ रोजी स्पेसएक्सचं रॉकेट उड्डाणानंतर फुटलं त्यात नष्ट झाली. दुसरी डिसेंबरमध्ये सिग्नस यानातून पोचली आणि स्कॉट केली यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये ती डोळ्यांवर चढवली. साइडकिकचे दोन भाग होते: एकात जमिनीवरचा तज्ज्ञ अंतराळवीराच्या नजरेतून पाहतो आणि त्याच्या दृश्यावरच खूण करून सांगतो, हा बोल्ट, तो नाही. दुसऱ्यात कृतीच्या पायऱ्या वस्तूवर उमटतात, तज्ज्ञ नसला तरी.

पहिला भाग आजच्या स्थानकासाठी ठीक. मंगळाच्या वाटेवर असलेल्या माणसाला उत्तर यायला चाळीस मिनिटं लागू शकतात, तेव्हा दुसराच उपयोगी. २०२१ मध्ये जपानचे सोइची नोगुची यांनी स्थानकावरच्या ट्रेडमिलची देखभाल जमिनीवरून मदत न घेता एआरमधल्या सूचनांवर करून पाहिली, ती याच दिशेची तयारी होती.

जमिनीवर सोयीची वाटलेली गोष्ट तिथे कशी अडते, हे पाहण्यासारखं आहे. चष्म्यातले संवेदक खाली कुठे आहे ते गुरुत्वाकर्षणावरून ओळखतात, आणि तिथे खाली असं काही नसतंच. हवेत बोट दाबून बटण चालवायचं, तर पाय अडकवलेले नसतील तर हाताच्या झटक्याने शरीर गिरकी घेतं. बोलून आज्ञा द्यावी तर पंख्यांची घरघर अखंड. म्हणून शेवटी हाताशी असलेलं छोटं बटण, डोळ्यांसमोर एकाच पायरीची ओळ आणि चुकून पुढे गेलेलं मागे आणायची सोय, इतकंच उरतं, आणि तेवढंच पुरतं. डोळ्यांसमोर जितकं जास्त तरंगेल तितका माणूस समोरच्या खऱ्या यंत्राकडे कमी पाहील.

चंद्रावर अडचणी आणखी कडक आहेत. दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला चिकटून फिरतो, दीड-दोन अंशांच्या वर जात नाही. सावल्या लांबच लांब आणि काळ्याकुट्ट, उजेड थेट डोळ्यांत. एआरचा पारदर्शक पडदा समोरच्या दृश्यात उजेड मिळवू शकतो, वजा करू शकत नाही, त्यामुळे भर उन्हात त्यावरची अक्षरं पुसट होतात. स्पेससूटमध्ये जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो, म्हणून चेहऱ्याजवळ तापणारी बॅटरी किंवा ठिणगी उडू शकेल अशी तार ठेवणं जिवावरचं. हातमोजा आतून हवेच्या दाबाने ताठरलेला, त्यात बोटं वळवणं म्हणजेच कष्ट. अपोलोच्या वीरांनी मनगटावर पानं उलटायची छोटी वही बांधली होती. पन्नास वर्षांनंतरही तिच्याहून सोयीचं काही बनवणं सोपं गेलेलं नाही. नासा २०१८ पासून अमेरिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी ‘सूट्स’ नावाचा उपक्रम चालवते. त्यात विद्यार्थी सूटमध्ये दिसणाऱ्या एआर पडद्याची रचना करतात आणि ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रातल्या खडकाळ मैदानावर ती तपासली जाते. वाट दाखवणारी रेषा, ऑक्सिजनचा आकडा, परतीची दिशा. कोणती गोष्ट सतत दिसावी आणि कोणती विचारल्यावरच, यावर सगळा कस लागतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स-२ चं उत्पादन थांबवल्याचं सांगितलं. सुरक्षेचे अपडेट २०२७ अखेरपर्यंतच मिळतील. क्युरिऑसिटी मात्र अजून चालतं आहे. मोहिमा दशकभर टिकतात, चष्मे चार-पाच वर्षांत बाजारातून जातात. जेपीएलच्या मंडळींनी पर्सिव्हिअरन्स रोव्हरसाठी लक्ष्य निवडायचं त्रिमिती साधन बनवलं ते साध्या ब्राउझरमध्ये चालणारं, हा शहाणपणा होता. जमिनीचा आराखडा ही मोहिमेची मालमत्ता, चष्मा ही त्यात डोकावायची एक खिडकी. दोन्ही एकाच गाठीत बांधलं की कंपनीच्या निर्णयाबरोबर मोहीमही आंधळी होते.

प्रज्ञानच्या वाटेवरून

आपल्याकडे या कामाची सुरुवात झालेली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरलं आणि २६ किलोचं प्रज्ञान रोव्हर चंद्रावर चालू लागलं. त्याच्या दोन नॅव्हिगेशन कॅमेऱ्यांची चित्रं विक्रम या लँडरमार्फत बंगळुरूला येत. त्यातून जमिनीचा उंचसखलपणा मोजला जाई आणि तो साधारण ५ मीटरांपर्यंतच भरवशाचा असल्याने एका आज्ञेत रोव्हर जास्तीत जास्त तेवढंच पुढे जाई. २७ ऑगस्टला समोर ३ मीटरांवर ४ मीटर व्यासाचं विवर आलं. बंगळुरूतल्या माणसांनी ते वेळीच ओळखून रोव्हर माघारी वळवलं. २ सप्टेंबरपर्यंत शंभर मीटरांवर प्रवास झाला. हे फार मोठं काम आहे, आणि ते दहा-बारा दिवसांत, झोप बाजूला ठेवून झालं.

सप्टेंबरमध्येच इस्रोने प्रज्ञानने काढलेलं विक्रमचं त्रिमिती चित्र प्रसिद्ध केलं. लाल-निळसर चष्म्यातून पाहायचं. मी ते पाहिलं तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की विक्रमच्या पायांशी जमीन कशी उतरती आहे. साध्या फोटोत ती सपाट वाटली होती.

पुढची कामं मोठी आहेत. जपानबरोबरच्या चांद्रयान-५ मोहिमेत दक्षिण ध्रुवाच्या परिसरात प्रज्ञानच्या कित्येक पट जड रोव्हर फिरायचं आहे. २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असं उद्दिष्ट देशाने जाहीर केलं आहे. तेव्हा वाट आखणारी साधनं आयत्या वेळी बाहेरून आणता येणार नाहीत, कारण ती वापरणाऱ्या माणसांच्या सवयींवर बेतावी लागतात, आणि त्या सवयी पाहायला वर्षं जातात.

महाराष्ट्राला इथे एक खरं काम आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. मंगळावरचे आणि चंद्रावरचे कितीतरी खडक याच जातीचे, म्हणून जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. २०२० मध्ये ते रामसर यादीतलं पाणथळ स्थळ झालं, तिथे यंत्रं फिरवणं योग्य नाही, पण आराखड्यासाठी लागतात ते फोटो, आणि ते सरोवराला धक्का न लावता काढता येतात. मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक रचना शिकवणारं आयडीसी १९६९ पासून आहे. पुणे-मुंबई-नागपूरच्या विद्यापीठांत दख्खनच्या खडकांवर हयात घालवलेले भूशास्त्रज्ञ आहेत. या दोघांना आणि इस्रोच्या वाट आखणाऱ्या अभियंत्यांना लोणारच्या आराखड्याभोवती एकत्र बसवावं. रचनाकाराने चष्मा विकत घेण्याआधी भूशास्त्रज्ञ काठावर उभा राहून पहिल्यांदा काय पाहतो, कुठे वाकतो, वहीत काय आधी काढतो, हे टिपावं. इस्रोने अशा कामाला छोटा निधी आणि मोठी मोकळीक द्यावी.

विद्यार्थ्यांनी तर थांबायचंही कारण नाही. क्युरिऑसिटीचे कच्चे फोटो नासाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात, आणि चांद्रयान-३ च्या उपकरणांची माहिती इस्रोने ऑगस्ट २०२४ मध्ये अभ्यासकांसाठी खुली केली आहे. नॅव्हिगेशन कॅमेऱ्याच्या डाव्या-उजव्या चित्रांची एक जोडी घ्या. साध्या लॅपटॉपवर तिच्यातून जमीन उभी करा, न पाहिलेला भाग रिकामा ठेवा. मग भूशास्त्राच्या एखाद्या शिक्षकांना बोलावून त्यावर वाट आखायला सांगा, आणि ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघा.